गंगाराममामांची इंग्रजीची वही

नांदेडला मी ज्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवते, तिथं बी.ए.च्या मुलामुलींकडून रोज एक पान लिहून घ्यायचं असतं. त्याला जर्नल म्हणतात. विषय छापील पुस्तकातून येतात. माझी सकाळ, मला भेटलेला एक माणूस, एक प्रवास. परीक्षा जवळ आली की मुलं धास्तावतात, एकमेकांचं उतरवतात, आणि माझ्या टेबलावर वह्यांचा ढीग येतो. त्या ढिगातल्या सगळ्यांच्या आज्या पहाटे उठून तुळशीला पाणी घालतात, सगळ्यांचे वडील वर्तमानपत्र वाचत चहा पितात. मी लाल पेननं सह्या करत जाते. पूर्वी मला राग यायचा. आता मनगट दुखतं, एवढंच.

परवा एक मुलगी वही घेऊन टेबलापाशी उभी राहिली. कंधारकडच्या खेड्यातली, रोज एसटीनं येणारी.

"मॅडम, ह्यो इषय बदलून द्या की."

विषय होता, तुम्ही पाहिलेली एक बाग.

"का गं?"

"बाग पाह्यलीच न्हाई मी. यंदा प्यायला पानी न्हाई, बाग कुठून आनू?"

"गाईडातली घे की," मागून कुणीतरी ओरडलं. "त्यात कारंजंबी हाय. भिजून येशील फुकटात."

वर्ग हसला. तीही हसली. मी तिला विषय बदलून दिला. तो विषय पुस्तकात आला की मी दर वर्षी बदलून देते. कुणी कारण विचारत नाही. त्या दिवशी मात्र सह्या करताना डाळीच्या भुशाचा वास आला. खिडकीबाहेर रिक्षांचा धूर होता, खालच्या मजल्यावर भजी तळत होते, तरी वास आला तो भुशाचाच.

तो वास लातूरचा. गंजगोलाईच्या बाजाराच्या मागच्या एका बोळात माझे वडील छापखान्यात कंपोझिटर होते. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. छापखान्याच्या भिंतीला लागून डाळमिल होती. तुरीला तेलाचा हात लावून ती पत्र्यांवर वाळत घालायचे आणि उन्हं चढली की सगळ्या बोळाला तो कोमट, जडसर वास यायचा. मिल सुरू झाली की पिवळी धूळ उडायची. ती आमच्या खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, घरांत बसायची, शाईवर बसायची, माझ्या वेणीत बसायची. दादा सकाळी आधी एका जुन्या ब्रशानं खिळे झाडायचे. मग कंदिलाची वात वर-खाली करावी त्या काळजीनं छापयंत्राचा रूळ फिरवून बघायचे. यंत्र पायानं चालायचं. त्याचा आवाज खटाक आणि मग एक उसासा, असा दोन भागांत यायचा.

मी वाचायला शिकले ते पत्रकांवर. शाळेच्या पुस्तकांना पत्रकांचीच कव्हरं, भाकरीच्या टोपलीत पत्रकं, खिडकीच्या फुटक्या काचेला पत्रक चिकटवलेलं. मोर्चाची, परिषदेची, जयंतीची, निषेधाची. दादा स्वतः छापखान्याचे नोकर, पण वस्तीतलं कुठलंही पत्रक त्यांच्या हाताखालूनच जायचं. मालकही कानाडोळा करायचा. घरी पाहुणा आला तर त्याला चहा आणि पत्रक दोन्ही मिळायचं, आणि चहा थोडा उशिरा मिळायचा. घडी घालायला मला चार वर्षांची असल्यापासून बसवलेलं. कागदाची घडी नखानं नाही, काचेच्या बाटलीच्या बुडानं दाबायची. आई भिंतीवर चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची आणि तिचा वास शिऱ्यासारखा असायचा. आम्ही पोरं आशेनं चुलीभोवती बसायचो.

दादा म्हणायचे, पत्रकातलं वाक्य एका श्वासात संपलं पाहिजे. लोक उभ्यानं वाचतात.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. शहरात सगळ्यात जास्त काम रंगाऱ्यांना होतं. जिकडं बघावं तिकडं शिडीवर माणूस आणि अर्धवट रंगलेली पाटी. हापिसं कुठंही थाटली होती. एक सरकीच्या गोदामात, एक कुणाच्या तरी राहत्या घरात. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाई हापिसाच्या अंगणात पापड वाळत घालायच्या आणि साहेब लोक पापड ओलांडून आत जायचे. हॉटेलात बसलेली माणसं "आता आपन जिल्ह्याचे" म्हणत मिशीवरून हात फिरवायची. पाणी मात्र नव्हतं. दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. नळाला आठ-आठ दिवस फक्त हवा यायची. टँकरचा भोंगा वाजला की मुलं, बाया, म्हातारे सगळे एकदम धावायचे, घागरींचा तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, आणि मग एक माणूस वर चढून पाइप सोडायचा. आमच्या वस्तीला टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. कधी यायचाच नाही.

गंगाराममामा त्याच दिवसांत छापखान्यात आले. एका नव्या हापिसात ते शिपाई होते. कुठलं हापिस ते मी लिहिणार नाही. नाव घालण्या-गाळण्याची एक चूक माझ्या हातून होऊन गेली आहे, तेवढी पुरे. हापिसाकडं जुन्या जिल्ह्याचे छापील कागद गठ्ठ्यानं आले होते. मामांचं काम असं, की पट्टी धरून वरचं जुनं नाव शाईनं खोडायचं आणि खाली नव्या जिल्ह्याचा शिक्का मारायचा. महिनाभर ते हेच करत होते. त्यांची दोन बोटं जांभळी झाली होती. अखेर नवे कागद छापायची ऑर्डर आमच्याकडं आली आणि तिच्याबरोबर मामा आले. उंच, वाकलेले, चाळिशी ओलांडलेले. निलंग्याकडचे, तिकडं कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळं पुरे म्हणायचं असलं की ते "साकू" म्हणायचे.

त्यांनी मला पुस्तक घेऊन बसलेली पाहिलं.

"काय वाचून राह्यलीस?"

"इंग्रजी. बी.ए. दुसरं वर्ष."

ते एकदम खाली बसले, कागदाच्या रिमावर. "माझं इंग्रजीच ऱ्हायलंय," म्हणाले. "बाकी समदे इषय निघाले. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी. इंग्रजीत तीन खेपा गेलो."

दादांनी खिळे जुळवता जुळवता मान वर केली. "शिपायाला बी.ए. कशाला हो?"

"कारकुनाच्या जागा निघनार हायत," मामा म्हणाले. "जिल्हा नवा हाय, जागा नव्या हायत. जे शिपाई ग्रॅज्युएट हायत त्यांना आधी घेनार, असं साहेब तोंडी बोललेत. ह्या खेपेला निघालो तर निघालो. एकदा जागा भरल्या की खलास. मग घंटी वाजली की उठायचं, रिटायर होईस्तोवर."

मी एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळं जग शिकवायचं होतं. मी लगेच म्हटलं, मी शिकवते.

सकाळी सात ते नऊ, यंत्र सुरू होण्याआधी, आम्ही छापखान्यात बसायचो. मामा येताना रद्दीत काढलेले जुन्या जिल्ह्याचे कागद घेऊन यायचे. त्यांनी ते दाभणानं शिवून वही केली होती. वर खोडलेलं नाव आणि खाली पांढरं पान. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, नापास कसे झालात? त्यांनी डोळे मिटले आणि घडाघडा गाईडातली डायरी म्हणून दाखवली. कुठल्या तरी मुलाची होती ती. तो मुलगा गादीवरून उठतो, बागेत फिरतो, अंडं खातो, बाबांच्या मोटारीतून प्राणिसंग्रहालय बघायला जातो. मामांना ती पोथीसारखी पाठ होती, स्वल्पविरामाला ते श्वास घ्यायचे.

"पेपरात काय आलं होतं?"

"पैल्या खेपेला आलं, दवाखान्यातला एक दिस."

"मग तुम्ही काय लिहिलं?"

"प्रानिसंग्रहालय. दुसरं येतंय कुठं?"

"आणि दुसऱ्या खेपेला?"

"रेल्वेचा प्रवास. म्हनलं, हे पोरगं मोटारीनं जातंय, त्याला रेल्वेनं नेऊ. निस्ता एक शब्द बदलला. पुढं वाघ-सिंह समदे तसेच."

दादा इतके हसले, की त्यांच्या हातातली ओळ विसकटली. मामाही हसले. पण मी हसले नाही. मला ते गाईड फाडून टाकावंसं वाटलं, आणि खरोखरच मी ते घेऊन पेटीत बंद केलं. मामांना म्हटलं, आता खोटं लिहायचं नाही. जे डोळ्यांनी बघितलं तेच लिहायचं. तेच येईल, कारण ते तुमचं आहे.

आमच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांनी आम्हाला तीस विषयांची एक यादी दिली होती, सायक्लोस्टाइल केलेली. तिला स्पिरिटसारखा वास यायचा आणि अक्षरं कडेला पुसट व्हायची. रोज एक विषय, एक पान. परीक्षेत डायरीचा प्रश्न हमखास असायचा आणि तो निघाला की पेपर निघतो, असं सर म्हणायचे. मी तीच यादी मामांना लावली.

"मामा, पहिला विषय, माझी सकाळ. सकाळी उठून काय करता?"

"टँकरच्या लायनीत लागतो."

"मग तेच लिहा."

"ते इंग्रजीत बसंल का?"

"का नाही बसणार?"

"टँकरला इंग्रजीत काय म्हनत्यात?"

"टँकरच म्हणतात. तो शब्दच इंग्रजी आहे."

मामांनी पेन खाली ठेवलं. "मंग इतके दिस इंग्रजीच पिऊन राह्यलो म्हना की."

ते लिहायला बसायचे ते बघण्यासारखं असायचं. आधी हात धुवायचे. पाणी नव्हतंच, म्हणून ओल्या फडक्यानं पुसायचे. मग पेनाचं टोक कागदाच्या तुकड्यावर घासायचे. मग पट्टीनं समास. वीस वर्षं हापिसात काढलेली, त्यामुळं कागद म्हटला की त्यांच्या हातून अर्जच उतरायचा. डायरीच्या सुरुवातीला ते लिहायचे, सर, वरील विषयास अनुसरून, आज मी भाकरी खाल्ली. आणि शेवटी, आदेशार्थ सादर. मी सांगून सांगून दमले. डायरी कुणाला सादर करायची नसते मामा. ते म्हणायचे, मग लिहायची कशाला? याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

पण हळूहळू अर्ज गळून पडला. माझी आई हा विषय आला तेव्हा त्यांनी लिहिलं, की आई मेली तेव्हा मी साहेबांबरोबर दौऱ्यावर होतो. पावसाचा दिवस हा विषय आला तेव्हा फक्त दोन वाक्यं लिहिली. नो रेन. आय वेट. मी म्हटलं, परीक्षेत पान भरावं लागतं मामा. ते म्हणाले, पाऊस येऊ दे, भरतो. आवडीचं जेवण या विषयाला त्यांनी अंबाडीची भाजी घेतली, आणि इंग्रजीत अंबाडीला शब्द सापडेना, तेव्हा ती खाल्ली की जिभेवर काय होतं तेच चार ओळी लिहिलं. ते वाचून मला भूक लागली. कॉलेजातल्या आमच्या साठ जणांच्या जर्नलांत असं एक पान नव्हतं. माझंही नाही. माझं इंग्रजी शुद्ध होतं आणि त्यात मी सगळीकडं भाषण करत होते.

त्या सकाळच्या उजेडाला मी अजून विसरलेले नाही. वरच्या झरोक्यातून एक तिरपी पट्टी यायची, तीत डाळीची धूळ वर-खाली होत राहायची. दादा खिळे उचलायचे, टिक, टिक, टिक. मामांचं पेन कुरकुरायचं. मध्येच ते मान वर करून एखादा शब्द विचारायचे. बोंब मारणे काय? ओशाळणे काय? लांबून टँकरचा भोंगा आला की तिघंही क्षणभर थांबायचो आणि तो आपल्या बाजूला वळतोय का ते ऐकायचो.

अठरावा विषय होता, तुम्ही पाहिलेली एक बाग.

मामा त्या दिवशी बराच वेळ लिहीत नव्हते. मी म्हटलं, गाईड मागू नका हं. ते म्हणाले, "न्हाई. बाग पाह्यलेली हाय मी. रोज पाहतो." मग त्यांनी मान खाली घातली आणि दीड पान लिहिलं. एकदाही शब्द विचारला नाही.

त्यात त्यांच्या हापिसातल्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यामागची बाग होती. पहाटे पहिला टँकर तिथं जातो. तो टँकर कुठल्या वस्तीच्या नावावर निघतो तेही लिहिलं होतं. ती वस्ती आमची होती. पाइप मामाच धरतात. आधी गुलाब, मग हिरवळ. भिंतीच्या पलीकडं बाया घागरी घेऊन उभ्या असतात आणि त्यांना पाण्याचा आवाज ऐकू येतो. शेवटची वाक्यं अशी होती, की मी गवताला पाणी देतो, गवतानं मागितलेलं नसतं, बायांनी मागितलेलं असतं, आणि मी पाइप धरून भिंतीकडं पाठ करून उभा राहतो.

मी ते दोनदा वाचलं. मामांना म्हटलं, मामा, तुम्ही पास झालात. ते लाजले. वही रिमावर ठेवून हापिसला गेले. रोज तिथंच ठेवायचे.

त्याच दुपारी मी ते पान मराठीत उतरवलं. वाक्यं आधीच एका श्वासाची होती, मला काही करावंच लागलं नाही. दादांसमोर कागद ठेवला आणि म्हटलं, पत्रक काढायचं. दादांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"खाली नाव कुनाचं घालायचं?"

"नाव नको. नावाशिवाय त्यांना काही होणार नाही. वर नुसतं घाला, एका शिपायाच्या वहीतून."

दादांनी कागद खिळ्यांच्या घरांपाशी टेकवला. त्यांनी आणखी काही विचारायला हवं होतं, असं मी पुढं किती तरी वर्षं स्वतःला सांगितलं. ते सोपं पडतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि खिळे उचलले.

पिवळ्या पातळ कागदावर ते निघालं. मी बाटलीच्या बुडानं घड्या दाबल्या. शाई ओली होती, बोटांना लागत होती. बसस्टँडवर, गोलाईत, नळांच्या रिकाम्या तोट्यांपाशी मी ते स्वतः वाटलं. एका ओट्यावर एक मुलगी मोठ्यानं वाचत होती आणि सात-आठ बाया ऐकत होत्या. शेवटचं वाक्य झालं तेव्हा त्यातली एक म्हातारी म्हणाली, "पाठ करून हुबा ऱ्हातो म्हनं मेला. शरम तरी हाय." मी उडत घरी आले. दुसऱ्या दिवशी टँकर वस्तीत आला. तिसऱ्या दिवशीही आला. बाया हसत होत्या, कुणीतरी घागरीतलं पाणी माझ्या अंगावर उडवलं. मला वाटलं, असंच असतं. लिहायचं, छापायचं, आणि पाणी येतं.

मामा आले नाहीत. पहिल्या दिवशी वाटलं, काम असेल. दुसऱ्या दिवशी हापिसातला दुसरा एक शिपाई येऊन रिमावरची वही घेऊन गेला. साहेबांनी मागवली, एवढंच म्हणाला. मी द्यायला नको होती. माझा हात पुढं झाला आणि मी दिली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की त्या अख्ख्या हापिसात वही लिहिणारा शिपाई एकच होता, आणि त्या बागेत पाइप धरणाराही तोच. हे लहान पोरालाही कळलं असतं. मला कळलं नव्हतं, कारण मी पत्रक बघत होते.

पाचव्या दिवशी मामा आले. उंबऱ्यातच उभे राहिले.

"निलंग्याला बदली झाली," ते दादांना म्हणाले. "उद्या हजर व्हायचंय."

दादा उठले. मामा माझ्याकडं वळले. "पोरी, यादीतले किती इषय ऱ्हायले?"

"बारा."

"दे मग यादी. पेपर तर द्यायचाय."

मी यादी दिली. त्यांनी तिची चौकोनी घडी घातली, खिशात ठेवली आणि गेले. मी त्यांना हाक मारू शकले असते. बोळ लांब होता आणि ते हळू चालत होते. मिलच्या धुळीत त्यांचा पांढरा सदरा पिवळा होत गेला.

कारकुनांची यादी लागली तेव्हा दादा बघून आले. "गंगारामचं नाव न्हाई," म्हणाले, आणि रॉकेलनं हात धुवत बसले. शाई निघून गेली तरी धुवत होते. टँकर पुन्हा तिसऱ्या दिवसावर गेला, मग पाऊस आला, आणि लोक सगळं विसरले. मी पत्रकं लिहीत राहिले. कुणाची तरी बाजू घेऊन लिहीत होते, आणि रोज कुणाचं तरी पान उलटं करून बघत होते, की त्यावर कुणाचं नाव खोडलेलं तर नाही. दादा गेले. छापखाना गेला. मी नांदेडला आले आणि मुलांना विषय देऊ लागले.

त्या कंधारच्या मुलीनंतरच्या रविवारी मी एसटी धरली. लातूरला गाडी बदलायची होती, म्हणून बोळात डोकावले. छापखान्याच्या जागी झेरॉक्स आहे आणि वर तीन क्लासेसच्या पाट्या. डाळमिल अजून आहे. भिंतीला हात लावला तर तो पिवळा झाला. निलंग्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस वाळून पाचट झालेला होता आणि शेजारी बसलेली बाई सारखी खिडकी लावायला सांगत होती, धूळ येते म्हणून, आणि पुन्हा उघडायला, उकडतंय म्हणून.

घर सापडायला वेळ लागला नाही. दारावर लाकडी पाटी होती. गंगाराममामांचं पूर्ण नाव आणि त्यापुढं, सफाईनं रंगवलेलं, बी.ए. मी त्या दोन अक्षरांसमोर उभी राहिले. ते पास झाले होते हे मला त्या पाटीनं सांगितलं.

दार मामींनी उघडलं. मी नाव सांगितलं तर त्या आत वळून म्हणाल्या, "अहो, हीच का ती पत्रकवाली?"

"हाव," आतून मामांचा आवाज आला. "येऊ दे."

"ये. बस. चहा घेतीस का त्येबी छापतीस?" मामी म्हणाल्या.

मी बसले. मामी चहा ठेवता ठेवता बोलतच होत्या. "कारकुनीन होनार होते मी. समद्या गल्लीत सांगून बसले होते. ह्यांना म्हनलं होतं, टेबल मिळालं की त्याच्यावर घालायला टेबलक्लाथ मी विनते. निम्मा विनलाय, पाहतीस?"

"साकू आता," मामा म्हणाले. ते आणखी वाकले होते. केस गेले होते. अजून नोकरीत होते, पुढच्या वर्षी सुटणार होते.

मी पाठ करून आलेलं सगळं बोलले. चूक झाली, मी लहान होते हे कारण नाही, मला वाटलं होतं नाव नसलं की पुरे. मग मी जे इतकी वर्षं विचारायचं होतं ते विचारलं.

"साहेबांनी बोलावलं तेव्हा माझं नाव का नाही सांगितलं? पोरीनं केलं म्हणाला असतात तर सुटला असतात."

"तसंच म्हन म्हनत होते ते." मामांनी पाय वर घेतले. "साहेब वाईट बोलले न्हाईत. वही पुढ्यात होती. म्हनले, गंगाराम, तुला कुठं इंग्रजी येतंय? हे कुनीतरी तुझ्या नावावर लिहिलंय. कोन त्ये सांग अन् जा कामाला. कारकुनाच्या कच्च्या यादीत नाव हाय तुझं. चार लोक बसलेले. समदे माझ्याकडं बघून राह्यले. निस्तं मान हलवायची होती."

"मग?"

"मंग काय. तीन खेपा नापास झालतो मी, पोरी. चौथ्या खेपेला साहेब स्वता इचारून राह्यलेत, तुला इंग्रजी येतं का. तिथं न्हाई म्हनू? म्हनलं, सर, मी लिहिलंय. त्यांना खरं वाटंना. म्हनले, वाचून दाखव. दाखवलं. हुबं ऱ्हाऊन, समदं, शेवटापर्यंत. पाइपाचं वाचलं तवा साहेब खिडकीकडं बघत होते."

मामी चुलीपासून उठल्या होत्या. ही गोष्ट त्यांनी किती वेळा ऐकली असेल, पण कप घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या.

"मामा, माझ्यामुळं तुमची..."

"तुझ्यामुळं झालं, ते खरं हाय," मामा म्हणाले. त्यांनी ते सहज म्हटलं, आणि मला वाटलं, इतक्या वर्षांत मला कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं. "यादीत नाव होतं अन् निघालं. घंटी वाजली की अजून उठतो. आता मी भैरा होत चाललोय तरी घंटी ऐकू येती. मला राग आला न्हाई का, असं इचारायला आलीस, तर आलता. लई आलता. टँकर दोन दिस वस्तीत गेला म्हनून ऐकलं, तवा थोडा कमी झाला. पण एका गोष्टीचा अजून हाय."

बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, रिकामे ड्रम एकमेकांवर आदळत होते.

"तू मला इचारलं असतंस, तर मी न्हाई म्हनलो नसतो," मामा म्हणाले. "एवढंच म्हनलो असतो, खाली माझं नाव घाल."